पाइपच्या वळणातला अक्रोड

लाकूड बदललं की झाडू. लेथच्या कारखान्यातला हा नियम भुसामावशीचा होता, मालकाचा नव्हता. यंत्रावरून पाइनचा शेवटचा दांडा उतरला आणि कातारी सागवानाला हात घालू लागला की ती मध्ये येऊन उभी राहायची. डोक्याला फडकं, हातात खराटा. आधी माझं होऊ दे, म्हणायची. कातारी निमूट पटाशी खाली ठेवायचा आणि चहा प्यायला जायचा. घरी बायको आणि इथे मावशी, आपलं राज्य कुठे आहे ते अजून सापडायचंय, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

त्या लेथवर पलंगाचे पाय निघत, जिन्याच्या कठड्याचे दांडे निघत. लाकूड गरगर फिरायचं. पटाशी टेकली की लांब, वळलेले छिलके सुटायचे आणि कातारीच्या हातावरून खाली ओघळायचे. मग पॉलिशपेपर लागला की धूळ. छिलके सगळ्यांना दिसतात. धूळ फक्त खिडकीतून ऊन आलं की दिसते. मावशी दोन्ही गोळा करायची. संध्याकाळी तिच्या भुवया पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या दिसत. तोंडावर काहीतरी बांध, असं तिला सगळे सांगायचे. ती बांधायची नाही. नाक झाकलं तर वास कसा घेणार, म्हणायची.

वास ही तिची मिरासदारी होती. डोळे मिटून मूठभर भुसा नाकाशी धरायची आणि लाकूड सांगायची. सागवानाला जुन्या चामड्याचा वास येतो, पाइनला औषधाचा. काळ्या अक्रोडाला ओल्या मातीत शाई सांडल्यासारखा. हे तिचंच वर्णन. कातारीला ते इतकं पटलं होतं की तो स्वतःचं म्हणून सांगायचा.

हा काही शौक नव्हता. सागवानाचा भुसा भट्टीत जळायला जायचा, पाइनचा तबेल्यांत, घोड्यांच्या पायाखाली पसरायला. आणि काळा अक्रोड घोड्याच्या पायाखाली गेला तर घोडं हातचं जातं. खावा लागत नाही. त्यावर नुसतं उभं राहिलं तरी खूर तापतात. म्हाताऱ्या मालकाच्या काळात एकदा तसं झालं होतं. तबेलेवाला दारात येऊन पोतं उपडं करून गेला होता. मावशी तेव्हा नवीन होती. त्या दिवसापासून अक्रोडाच्या पोत्याला ती लाल सुतळी बांधायची आणि ते पोतं दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायची.

शिवाय पाइनचं एक पोतं दर आठवड्याला तिच्याच घरच्या घोडीला लागायचं.

घोडी धाकट्याची. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. आई गेली तेव्हा तो नीट चालतही नव्हता. मावशीनेच त्याला कडेवर वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं, पण सासर फार दिवस लाभलं नाही. नवरा तापाने गेला, दिरांनी दार लावून घेतलं, ती परत आली. धाकटा तेव्हा बाजारात हमाली करत होता. दोघांनी मिळून घोडी घेतली, गाडी घेतली. बाजारामागच्या बोळांत टेम्पो शिरत नाही, घोडागाडी शिरते. घोडीचं नाव शहाणी. हे नाव मावशीनेच ठेवलं, कारण कुठल्या दुकानासमोर थांबायचं ते धाकट्याच्या आधी तिला कळायचं. धाकट्याने लग्न केलं नाही. कुणी विचारलं की मावशीच उत्तर द्यायची, शहाणीला सवत चालायची नाही. धाकटा हसायचा. तो बोलायचा कमी. दुपारी शहाणीला सोडून बहिणीकडे जेवायला यायचा, जेवायचा, ताट घासून ठेवायचा, जायचा.

मावशीचं नाक गेलं ते हिवाळ्यात.

आधी एक बाजू चोंदली. सर्दी असेल. मग रुमालावर रक्ताची बारीक रेघ यायला लागली. उष्णता असेल. अंगाला काही झालं की मावशीकडे त्याचं उत्तर तयार असायचं आणि ते डॉक्टरपेक्षा स्वस्त असायचं. एके दिवशी तिने सागवानाचं पोतं उघडलं, मूठ नाकाशी धरली आणि थांबली. काहीच नव्हतं. पाइनचं उघडलं. काही नाही. घरी येऊन तिने साबण हुंगला, रॉकेलची बाटली हुंगली. कांदा चिरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, नाकाला त्याचा पत्ता नव्हता. ती पाटावर तशीच बसून राहिली. मग उठून तोच कांदा फोडणीला टाकला.

तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं तरी काय होतं? नाक नसलं म्हणून झाडू अडत नाही. लाकूड बदललं की झाडू, हा नियम होता तोवर कुठल्या पोत्यात काय आहे ते हुंगायची गरजच नव्हती. ती सवयीने मूठ नाकाशी न्यायची एवढंच. अंगठी काढून ठेवल्यावरही बायका रिकाम्या बोटावर ती फिरवत राहतात तसं.

मग म्हाताऱ्या मालकाचा मुलगा गादीवर आला आणि त्याने पाइप आणला.

पाइप हत्तीच्या सोंडेएवढा जाड होता. एक तोंड लेथच्या मागे, तिथून भिंतीला वळसा घालून तो मागच्या पडवीत जायचा आणि तिथे माणसाएवढी कापडी पिशवी. बटण दाबलं की छिलके, धूळ, सगळं गडप. कारखाना पहिल्यांदाच स्वच्छ दिसायला लागला. कातारी म्हणाला, आता मला चहाला कोण पाठवणार? तो हसला, पण मावशीकडे बघून नाही.

नव्या मालकाने मावशीला बोलावलं, बसायला खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच तिला कळलं. तो चांगला मुलगा होता. त्याला लहानपणी तिने छिलक्यांच्या ढिगात लपू दिलं होतं. मावशी, तुमचं वय झालं, आता आराम करा, असं तो म्हणाला.

मावशीला उपाशी मरायची भीती नव्हती. धाकटा होता. पण ज्याला भरवलं त्याच्या ताटात बसायचं, ही कल्पना तिला सोसेना. आणि खराटा सुटला तर सकाळी उठून जायचं कुठे? ती म्हणाली, "पाइप सगळं एकत्र करतो. पिशवीत पाइन किती, अक्रोड किती, ते कोण सांगणार? तबेलेवाले न विचारता नेतील का?"

मालक विचारात पडला. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"मी सांगेन," मावशी म्हणाली. "वास घेऊन."

बोलून गेली.

कातारी मदतीला धावला. मावशीचं नाक काय आहे ते बघाच, म्हणाला. त्याने तिचे डोळे फडक्याने बांधले आणि खाली पडलेलं मूठभर तिच्या हातात दिलं. कारखान्यातले सगळे गोळा झाले. मावशीने मूठ नाकाशी नेली आणि वेळ काढला. तेवढ्यात बोटांनी चुरून बघितलं. तेलकट लागलं, बोटांना चिकटलं. सागवान, ती म्हणाली. दुसरी मूठ हलकी, कोरडी, कापसासारखी दबणारी. पाइन. कातारीने मालकाकडे असं बघितलं, जणू परीक्षेत त्याचीच मुलगी पास झाली. अक्रोड त्या दिवशी कारखान्यात नव्हता. तिसरी मूठ झालीच नाही.

मावशी राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढचे काही महिने तिने डोक्याने काम चालवलं. लेथवर कुठलं लाकूड लागलं, कधी उतरलं, ते ती डोळ्यांत तेल घालून बघायची. अक्रोडाचं काम संपलं की पडवीत जाऊन पिशवी तळापर्यंत पोत्यात रिकामी करायची, झटकायची, पोत्याला लाल सुतळी बांधायची. मग पाइन. तिच्या हिशेबाने यात चूक व्हायला जागा नव्हती. जुनाच नियम होता, फक्त झाडूच्या जागी पिशवी. तबेलेवाले आले की मूठ नाकाशी धरायची, डोळे मिटायची, न्या म्हणायची.

एकदा दुपारी ती घरी शेजारणीशी ओट्यावर बोलत बसली होती. आत आली तेव्हा धाकटा येऊन जेवून गेला होता. दुधाचं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. दूध चुलीवर ठेवल्याचं तिला आठवत होतं. प्यायला असेल, तिला वाटलं. पातेल्याचा तळ मात्र काळा पडला होता. तिने ते उचललं, बघितलं आणि पुन्हा पालथं ठेवलं. धाकट्याला विचारलं नाही. धाकट्यानेही काही सांगितलं नाही.

त्यानंतर एका मोठ्या जिन्याचं काम आलं. सगळे दांडे काळ्या अक्रोडाचे. लेथमधून तपकिरी छिलके लांबच लांब निघत होते. कातारी खुशीत होता, असं लाकूड रोज हाताला लागत नाही. काम उरकलं. मावशीने पिशवी रिकामी केली, लाल सुतळी बांधली. मग पाइन सुरू झालं. मध्ये सागवानाचा एक पलंगाचा पाय आला, तो तिने बघून ठेवला. पिशवी भरत आली.

पण पाइपला वळण होतं. भिंतीला वळसा घालताना तो कोपरासारखा दुमडला होता, आणि लांब छिलके तिथे अडकतात. अक्रोडाचे छिलके एकमेकांत गुंतून, कुणी घरटं बांधावं तसे, त्या वळणात बसून राहिले होते. खराट्याला कोपरे माहीत असतात. पाइपच्या पोटात काय आहे ते कुणाला माहीत नव्हतं. मागून पाइन येत राहिलं, ढकलत राहिलं, आणि एके दिवशी ते घरटं सुटून पिशवीच्या मध्यावर पडलं. वर पुन्हा पाइन.

धाकटा त्या दिवशी गाडी घेऊन आला होता. शहाणी दारात उभी राहून नेहमीप्रमाणे कातारीच्या खिडकीत तोंड घालत होती. कातारी तिला म्हणत होता, बाई, तुला काम पाहिजे तर मालकाशी बोल, माझ्या हातात काही नाही. मावशीने पोतं भरलं. भरता भरता पांढऱ्यात तपकिरी दिसलं. तिने हात घातला, मूठ काढली. सागवानाचा पाय झाला होता, त्याचं असेल. बोटांनी चुरलं. तेलकट लागलं नाही. पुन्हा चुरलं. बोटं काहीतरी सांगत होती.

कातारी समोर होता. हाक मारली असती तर दोन ढांगांत आला असता, हुंगून सांगितलं असतं. पण मग त्याने विचारलं असतं, मावशी, तुम्हाला नाही कळत? मालक तिथेच होता.

मावशीने मूठ नाकाशी धरली. डोळे मिटले.

"पाइन आहे. थोडं सागवान मिसळलंय. ने."

धाकट्याने पोत्याला हात लावला आणि तसाच उभा राहिला. "नक्की ना, ताई?"

एवढ्या वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. मावशीला राग आला. भीतीचाच तो राग होता, पण बाहेर पडताना रागासारखाच पडला. "आता तू मला लाकूड शिकवणार?"

धाकट्याने पोतं खांद्यावर घेतलं आणि गाडीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या दारात आला. शहाणी पाय टाकत नाही, एवढंच म्हणाला.

घोडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. पुढचे पाय पुढे ताणलेले, सगळं वजन मागे. तव्यावर उभं केल्यासारखी. धाकट्याला वाटलं होतं, खुरात खडा असेल, म्हणून त्याने चारही खूर तपासले होते. मावशी वाकली आणि खुराला हात लावला. चहाच्या कपाला लावावा तसा हात मागे आला. तिने खालचा भुसा मुठीत घेतला, नाकाशी नेला आणि मग ती मूठ तशीच धरून कारखान्याच्या दिशेने पळत सुटली.

कातारी तिच्या मागोमाग आला. गुडघ्यावर बसला, हुंगला, पुन्हा हुंगला. "अक्रोड," तो म्हणाला. पुढे त्याने काही विचारलं नाही. विचारलं नाही हेच मावशीला जास्त लागलं.

तिने शेड झाडली. कण न् कण बाहेर काढला, जमीन पाण्याने धुतली. धाकटा बादल्या आणत होता, शहाणीच्या खुरांवर गार पाणी ओतत होता. गुरांच्या डॉक्टरने सुई दिली आणि म्हणाला, काही घोडी यातून उठतात, वाट बघू. ते वाट बघत राहिले. मावशी कारखान्यात गेली नाही. शेडच्या कडेला पोतं टाकून त्यावर बसून राहिली. शहाणीने एक दिवस थोडं खाल्लं. दुसऱ्या दिवशी आडवी झाली आणि काही केल्या उठेना. डॉक्टर पुन्हा आला, खूर दाबून बघितले, उठला आणि हात पुसत राहिला. खुराच्या आतलं हाड सरकलं होतं. आता उभं राहणं म्हणजे तिला शिक्षाच, म्हणाला.

धाकट्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं. सुई लागली तेव्हा रस्त्यावरून कुठलीशी गाडी जात होती. शहाणीचा एक कान तिकडे वळला, आणि तसाच राहिला.

माणसं येऊन तिला घेऊन गेली. शेड रिकामी झाली. दोघं भावंडं आत बसली होती. खुंटीवर लगाम होता.

"मला वास येत नाही," मावशी म्हणाली. "हिवाळ्यापासून. एकही."

धाकटा जमिनीकडे बघत होता. "माहीत आहे."

तिला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं.

"माहीत आहे, ताई. दूध करपून घरभर धूर झाला होता. बाहेरपर्यंत वास येत होता. तू ओट्यावर बसून बोलत होतीस."

"मग नेलंस कशाला?"

"तू ने म्हणालीस," तो म्हणाला.

त्यानंतर त्या दोघांत या विषयावर शब्द झाला नाही. त्यांना एकमेकांना दोष देता आला असता तर बरं झालं असतं. पण एकाचा दोष उचलायला जावं तर दुसऱ्याचाही हातात यायचा.

मावशी स्वतःच मालकाकडे गेली आणि सांगून आली. या वेळी ती खुर्चीवर बसली नाही. मालक चिडला नाही. तबेलेवाल्यांना काय सांगायचं, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ती बाहेर पडत होती तेव्हा कातारीने पाइपचं वळण सोडवलं होतं. खांद्यापर्यंत हात आत घालून त्याने तपकिरी छिलक्यांचा उरलेला गुंता ओढून काढला आणि मालकाच्या टेबलावर ठेवला. मावशीने खराटा भिंतीला टेकवला. उलटा, काड्या वर करून. तशानेच त्या जास्त टिकतात.

धाकट्याने तिला बळजबरीने दवाखान्यात नेलं. डॉक्टरने नळीने नाकात बघितलं, फोटो काढायला लावले. आत गाठ होती, जुनी, डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली. आयुष्यभर लाकडाची धूळ ओढणाऱ्यांना होते, म्हणाला. पहिलं रक्त आलं तेव्हाच का आला नाहीत, असं त्याने विचारलं. मावशी म्हणाली, नाक चोंदलं म्हणून कुणी दवाखान्यात येतं का? डॉक्टर हसला नाही.

धाकटा पुन्हा हमाली करायला लागला. घोडी नव्हती, गाडी होती. ती विकत घ्यायला कुणी आलं की तो म्हणायचा, बघू. मावशी वाळत गेली. एका डोळ्याखाली सूज आली. पुढे तिला ताटावर बसवणं, भरवणं, सगळं तोच करायचा. ती खाताना तोंड फिरवून घ्यायची. लहानपणी तो असाच फिरवायचा.

शेवटचं तिला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा तिला चालता येत नव्हतं, आणि त्या बोळात टेम्पो शिरत नव्हता. धाकट्याने गाडी काढली. तळात छिलके पसरले, चांगले हातभर, वर चादर. तिला उचलून ठेवलं आणि स्वतः दांड्यांच्या मध्ये उभा राहिला. जिथे शहाणी उभी राहायची तिथे.

बोळ चढाचा होता. चाकं दगडांवर आपटत होती. मावशी कुशीवर वळली. चादरीखाली हात घालून तिने मूठभर छिलके काढले आणि नाकाशी धरले. सवयीने.

"कसले आहेत रे?"

"पाइन," धाकटा पुढूनच म्हणाला. त्याला दम लागला होता.

"तुला काय कळतं लाकडातलं?"

"काही नाही. कातारीला विचारून आणले. त्याने दोनदा हुंगले."

"बरं केलंस," मावशी म्हणाली.

तिने मूठ उघडली नाही. दवाखान्यात खाटेवर घेतलं तेव्हा परिचारिकेला ती बोटं एकेक करून सोडवावी लागली. खाली पडलेले छिलके झाडायला एक बाई खराटा घेऊन आली. धाकट्याने तिला थांबवलं. वाकून त्याने ते सगळे वेचले आणि खिशात घातले.